मंडाले ते रत्नागिरी : ब्रह्मदेश समजून घेण्यासाठी काही पुस्तके

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाची शैक्षणिक सहल रत्नागिरीस गेली होती. थिबा राजवाड्याच्या आवारात विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून आम्ही शिक्षक माहिती सांगत होतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी या गावात नजरकैदेत ठेवले, हा वाडा १९१० साली बांधून पूर्ण झाला आणि १९१६ साली राजाचा मृत्यू येथेच झाला, एवढे सांगून झाल्यावर आठवीतील एका मुलाने विचारले, "सर, राजा बौद्ध होता ना? त्याची प्रजाही बौद्ध होती. मग त्यांनी त्याला सोडवले का नाही?" मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. वसतिगृहात परत येईपर्यंत त्या मुलाचे समाधान झालेले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझेही झालेले नव्हते.

ग्रंथालयाचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्यानंतर ब्रह्मदेशाविषयी मिळेल ते पुस्तक जमवण्याचा नाद लागला. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा या पुस्तकांविषयीच लिहावे असे वाटले. आपल्या समाजाला ब्रह्मदेश परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले होते. इगतपुरीस जाऊन दहा दिवसांचे शिबिर केलेले पालकही आपल्यांत पुष्कळ आहेत. मात्र ब्रह्मदेश आपल्याला माहीत आहे तो बहुधा सोनेरी पॅगोडांच्या चित्रांतून. त्या चित्रामागे साठ-बासष्ट वर्षांची संपूर्ण गुलामी आणि त्याआधीचे साठ वर्षांचे लचके आहेत, ते पुस्तकांतूनच कळते.

इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा. इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी तीन युद्धे केली. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धात आराकान व तेनासरीम हे किनारी प्रांत गेले, १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसह दक्षिणेचा सुपीक भाग गेला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये राजधानी मंडाले पडली. १ जानेवारी १८८६ रोजी उरलेले राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली. पुढे १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून चालवला गेला आणि ४ जानेवारी १९४८ रोजी तो स्वतंत्र झाला. दिल्लीचा बादशहा बहादुरशहा जफर रंगूनमध्ये मेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक तर मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे राहिले. साम्राज्याने माणसांना त्यांच्या मुळांपासून किती पद्धतशीरपणे उपटले, हे या तीन नावांवरूनच ध्यानात यावे.

वाचनाला आरंभ करायचा तर ब्रह्मी लोकांनी स्वतः लिहिलेल्या इतिहासापासून करावा, असे माझे मत आहे. पहिल्या युद्धातील पराभवानंतर तीनच वर्षांनी, १८२९ साली, राजा बज्यिडॉ याने विद्वानांची एक समिती नेमली आणि राजवाड्यातील काचमहालात बसून तिने जुन्या बखरी, शिलालेख व काव्ये पडताळून एक मोठा इतिहास सिद्ध केला. त्याचे ब्रह्मी नाव 'हमान्नान याझाविन'. 'याझाविन' हा शब्द पालीतील 'राजवंस' शब्दाचेच रूप आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. या ग्रंथाच्या एका भागाचा इंग्रजी अनुवाद पे मौंग टिन आणि जी. एच. ल्यूस यांनी १९२३ साली 'द ग्लास पॅलेस क्रॉनिकल' या नावाने प्रसिद्ध केला. पे मौंग टिन हे धर्माने ख्रिस्ती होते. तरीही पालीचे ते मोठे पंडित आणि 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाचे इंग्रजी अनुवादक. त्या देशाच्या विद्येची परंपरा एका धर्माच्या कुंपणात मावणारी नव्हती.

या इतिहासात ब्रह्मी राजघराण्याचे मूळ शाक्य कुळाशी जोडलेले आहे. ते इतिहास म्हणून जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. परंतु हरलेल्या राजाने तोफा ओतण्याबरोबरच आपली वंशावळ शोधायला विद्वान बसवावेत आणि तिचा उगम कपिलवस्तूपाशी सापडल्याचे समाधान मानावे, यातून त्या काळचे मन कळते. १८८५ साली मंडालेच्या राजवाड्याची लूट झाली तेव्हा तेथील कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट झाला. त्यामुळे जे उरले त्याचे मोल अधिक आहे.

त्यानंतर घ्यावे ते 'द बर्मन : हिज लाइफ अँड नोशन्स'. हे १८८२ साली प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव श्वे यो. ब्रह्मी वाटणारे हे नाव धारण करणारा गृहस्थ होता जेम्स जॉर्ज स्कॉट नावाचा स्कॉटिश माणूस. तो रंगूनच्या एका शाळेत शिक्षक होता, वार्ताहर होता आणि पुढे सरकारी अधिकारी झाला. ब्रह्मदेशात फुटबॉलचा खेळ त्याने आणला असे मानतात. पुस्तकाची मांडणी माणसाच्या आयुष्याप्रमाणे आहे : जन्म, पाळण्यातले नाव, विहारातली शाळा, मुलांचे श्रामणेर होणे, मुलींचे कान टोचणे, लग्न, भातशेती, खेळ-तमाशे, 'नाट' नावाच्या देवतांची भीती आणि शेवटी मृत्यू. साहेब मधूनमधून थट्टा करतो, कधी वरून पाहतो, पण त्याने पाहिलेले बारकावे दुसरीकडे सापडत नाहीत. टोपणनाव घेऊन दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा हा प्रकार मात्र मला खटकतो. ब्रह्मी माणसाला स्वतःचे जीवन सांगण्याची संधी मिळण्याआधीच त्याच्या नावाने एक साहेब ते सांगून मोकळा झाला होता.

आपल्यासारख्या निवासी विद्यालयाच्या परिवाराने या पुस्तकातील शाळेचे प्रकरण अवश्य वाचावे. ब्रह्मी भाषेत विहाराला आणि शाळेला एकच शब्द आहे, 'चाउंग'. विद्यार्थ्याला म्हणतात 'चाउंगथा', म्हणजे विहाराचा पुत्र. गावोगावच्या विहारात भिक्खू मुलांना अक्षरओळख, 'मंगलसुत्त' आणि नीतीची वचने शिकवीत. शुल्क नसे. शेतकऱ्याचा मुलगा आणि अंमलदाराचा मुलगा एकाच फळीवर बसून मोठ्याने घोकत. घोकण्याचा आवाज थांबला की भिक्खू ओळखत की मुलांचे लक्ष उडाले. मुलींना या विहारशाळांत जागा नव्हती. ज्यांना शिकायला मिळे त्या घरी किंवा एखाद्या गृहस्थाच्या शाळेत शिकत. ही उणीव मान्य करूनही फलित पाहावे. १९०१ च्या खानेसुमारीत ब्रह्मदेशातील एक तृतीयांशाहून अधिक पुरुष साक्षर भरले, तर सबंध हिंदुस्थानात पुरुषांचे हे प्रमाण दहांत जेमतेम एक होते. आपल्याकडे ज्या काळी विद्येची दारे जन्मावरून बंद होती, त्या काळी शेजारच्या देशात ती विहाराच्या ओसरीवर उघडी होती. हा फरक आपल्या घरांतील आजी-आजोबांना समजावून सांगावा लागत नाही.

मग ही शाळा मोडली कशी? कोणी ती बंद करण्याचा हुकूम काढला नाही. १८६६ च्या सुमारास इंग्रज प्रशासक आर्थर फेअर याने विहारांतूनच अंकगणित, भूगोल व जमीनमोजणी शिकवावी अशी योजना केली आणि पुस्तके पाठवली. फार थोड्या भिक्खूंनी ती स्वीकारली. मग सरकारी मदतीच्या व मिशनऱ्यांच्या शाळा वाढल्या. नोकरी इंग्रजी येणाऱ्यास मिळू लागली आणि 'चाउंग' गरिबांच्या मुलांपुरते उरले. यात दोष केवळ साहेबाचा होता की बदलत्या जगाकडे पाठ फिरवणाऱ्या भिक्खूंचाही, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. त्यांची उत्तरे दर वर्षी वेगळी येतात.

याच काळातला दुसरा इंग्रज लेखक हॅरॉल्ड फील्डिंग-हॉल. त्याचे 'द सोल ऑफ अ पीपल' (१८९८) वाचताना बौद्ध वाचकाला फार गोड वाटते. ब्रह्मी माणसाची करुणा, प्राण्यांविषयीची दया, स्त्रियांचे स्वातंत्र्य, त्यांचा व्यापारातील पुढाकार, यांचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. परंतु हा लेखक सरकारी अधिकारी होता, आणि त्याचे १९०६ चे दुसरे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. त्याचे नावच 'अ पीपल ॲट स्कूल'. म्हणजे ब्रह्मी जनता ही शाळकरी पोर आणि इंग्रजी राज्य ही तिची शिस्तीची शाळा! ज्याने आधी धम्माची स्तुती केली तोच पुढे म्हणतो की या सौम्य शिकवणीने जगाच्या झुंजीत टिकता येत नाही. स्तुती आणि हुकमत एकाच हाताने कशी लिहिता येते याचा हा नमुना आहे. आपल्या धम्माची कोणी वाखाणणी केली की आपण पुढचे वाचत नाही. ही खोड मलाही होती, म्हणून सांगतो.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'बर्मीज डेज' या कादंबरीत असली गोडी नाही. ऑर्वेल १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. परत गेल्यावर त्याने ही कादंबरी लिहिली. बदनामीच्या खटल्याच्या भीतीने इंग्लंडमधील प्रकाशकाने तिला आधी नकार दिला आणि ती १९३४ साली प्रथम अमेरिकेत निघाली. उत्तरेकडील काथा या गावावरून उभारलेले एक लहानसे ठाणे, तेथील गोऱ्यांचा क्लब, त्यात एका 'नेटिव्ह' माणसाला सभासद करावे की नाही यावरून चाललेले घाणेरडे राजकारण, असा तिचा विषय. साम्राज्याचे खरे केंद्र कचेरी नसून तो क्लब आहे, हे या कादंबरीइतके स्पष्ट मी कोठे वाचले नाही. तीत एक भारतीय डॉक्टर आहे. इंग्रज नायक साम्राज्याला शिव्या देतो आणि हा बिचारा डॉक्टर कळवळून त्याचे समर्थन करतो. हसू येते आणि वाईटही वाटते. ब्रह्मी पात्रे मात्र लबाड अंमलदार किंवा विकत घेतलेली बाई यापलीकडे फारशी जात नाहीत. साहेबाचा अपराध दाखवताना लेखकाची नजर साहेबावरच खिळून राहिली. ऑर्वेलचे 'शूटिंग ॲन एलिफंट' आणि 'अ हँगिंग' हे दोन छोटे लेख दहावीच्या विद्यार्थ्यालाही झेपतील. कादंबरी त्यानंतर.

येथवरच्या पुस्तकांत आपण सुरक्षित असतो. अपराधी गोरा, पीडित ब्रह्मी, आणि आपण भारतीय बाजूला उभे राहून पाहणारे. पुढची पुस्तके ही सोय काढून घेतात.

जे. एस. फर्निव्हल हा ब्रह्मदेशात सनदी नोकर म्हणून आला, तेथेच रमला आणि १९१० साली 'बर्मा रिसर्च सोसायटी' स्थापन करण्यात पुढे होता. त्याच्या 'कलोनियल पॉलिसी अँड प्रॅक्टिस' (१९४८) या जाडजूड ग्रंथात एक कल्पना आहे, जी पुढे जगभर वापरली गेली. वसाहतीत निरनिराळे समाज शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांची गाठ पडते ती केवळ बाजारात. समाज म्हणून सर्वांची मिळून एक इच्छा अशी तेथे उरत नाही. या बाजाराचे प्रत्यक्ष चित्र मायकेल ॲडस यांच्या 'द बर्मा डेल्टा' (१९७४) या अभ्यासात मिळते. इरावतीच्या मुखाकडील दलदल तोडून ब्रह्मी शेतकऱ्यांनी भाताची शेते केली. पाहता पाहता ब्रह्मदेश जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार झाला. त्या शेतीला भांडवल पुरवले तमिळ चेट्टियार सावकारांनी. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि त्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ब्रह्मदेशातील सुमारे चतुर्थांश शेतजमीन चेट्टियारांच्या नावावर चढली होती. १९३१ साली रंगून शहरातील निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती : हमाल, सफाई कामगार, कारकून, पोलीस, व्यापारी.

ब्रह्मी शेतकऱ्याच्या दृष्टीने साम्राज्याचा रोजचा चेहरा गोरा नव्हता, आपल्यासारखा होता. मंडाले जिंकायला गेलेल्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. युद्धाला निमित्त झाले ते सागवानाच्या ओंडक्यांवरून 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'ला थिबाच्या दरबाराने ठोठावलेला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड, आणि ही कंपनी मुंबईत स्थापन झालेली होती. सहलीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. राजा गेल्यावर गावोगाव लोक, काही ठिकाणी भिक्खूसुद्धा, शस्त्र घेऊन उठले आणि कित्येक वर्षे लढले. त्यांना मोडून काढणाऱ्यांत आपले लोक होते. मात्र तोच हमाल, तोच सफाई कामगार ओरिसा-आंध्रच्या दुष्काळी खेड्यांतून पोटासाठी गेलेला, बहुतेक वेळा खालच्या मानलेल्या जातीचा माणूस होता. १९३० आणि १९३८ च्या दंगलींत मार खाल्ला तो त्यानेच, आणि १९४२ साली जपानी चढाईपुढे लाखो भारतीय पायी निघाले तेव्हा जंगलवाटेवर मेला तोही तोच. सावकार आणि हमाल यांना एकाच 'भारतीय' शब्दात कोंबणे ब्रह्मी राष्ट्रवाद्यांनाही महागात पडले, असे मला वाटते.

या सगळ्याची कहाणी कथारूपाने वाचायची तर अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' (२०००) ही कादंबरी आहे. मंडालेच्या पाडावापासून ती सुरू होते, रत्नागिरीत मुक्काम करते आणि सागवान, रबर, युद्ध यांतून तीन पिढ्या ओलांडते. या कादंबरीस राष्ट्रकुलाच्या लेखक-पारितोषिकाचा प्रादेशिक मान मिळाला, तेव्हा घोष यांनी 'राष्ट्रकुल' या कल्पनेलाच हरकत घेऊन २००१ साली ती स्पर्धेतून मागे घेतली. कल्पित नको, खरे हवे असणाऱ्यांनी सुधा शाह यांचे 'द किंग इन एक्झाइल' (२०१२) वाचावे. थिबा, राणी सुपयालत आणि चार राजकन्या यांचे हे चरित्र आहे. राजाच्या मृत्यूनंतर राणीला १९१९ साली मायदेशी परतू दिले, ते रंगूनपर्यंतच. मंडाले तिला पुन्हा मिळाले नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत कष्टाचे आयुष्य जगली. राजवाड्याच्या आवारात उभे राहून आम्ही विद्यार्थ्यांना सांगितलेली माहिती किती तोकडी होती, हे या पुस्तकाने मला दाखवले.

आता ब्रह्मी स्त्रियांची दोन पुस्तके, आणि माझ्या मते या सर्व यादीत हीच सर्वांत मोलाची. मी मी खाइंग यांचे 'बर्मीज फॅमिली' (१९४६) हे एका सुखवस्तू घरातल्या बालपणाचे प्रसन्न वर्णन आहे. श्वे यो याने बाहेरून जे पाहिले तेच येथे आतून दिसते. स्वयंपाकघर, भावाचा श्रामणेर-संस्कार, इंग्रजी शाळेत घातलेला फ्रॉक आणि घरी आल्यावर नेसलेली लुंगी.

दुसरे पुस्तक मा मा ले यांची १९५५ ची कादंबरी. तिचा इंग्रजी अनुवाद 'नॉट आउट ऑफ हेट' या नावाने १९९१ साली निघाला. कथा साधी आहे. लहान गावातील धान्य-व्यापाऱ्याची मुलगी वे वे. शेजारी राहायला येतो इंग्रजी तांदूळ-कंपनीचा ब्रह्मी अधिकारी, ऊ सॉ हान. साहेबी कपडे, साहेबी टेबल, काटे-चमचे. दोघांचे लग्न होते. तो तिच्यावर खरोखर प्रेम करतो आणि प्रेमानेच तिचे सगळे बदलू पाहतो : खाणे, बसणे, माहेरी जाणे. आजारपणात औषधही साहेबाच्या डॉक्टरचेच. ती हळूहळू खंगत जाते. पूर्ण कादंबरीत एक गोळी सुटत नाही, एकही इंग्रज मोठे भाषण करीत नाही. दुसऱ्याचे भले आपल्यालाच कळते अशी खात्री बाळगणारी सत्ता घरात शिरली की काय होते, ते मात्र पानोपानी दिसते. द्वेषापोटी केलेले नाही, असा मूळ नावाचा अर्थ. आणि म्हणूनच ती अधिक भीतिदायक. आमच्या विद्यालयातील एका शिक्षिकेने ही कादंबरी वाचून परत करताना म्हटले, "सर, हे ब्रह्मदेशाचे नाही, हे आमच्या गल्लीतले आहे." या कादंबरीचा मराठी अनुवाद व्हावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी मनावर घेतले तर शब्दकोश आणि चहा ग्रंथालयाकडून.

गुलामीच्या काळात धम्माचे काय झाले? राजा हा संघाचा आश्रयदाता. राजा मिंडोन याने तर मंडालेत सर्व तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले होते. असा आश्रयदाता गेल्यावर शासन लयास जाईल ही भीती घराघरांत होती. ॲलिशिया टर्नर यांच्या 'सेव्हिंग बुद्धिझम' (२०१४) या ग्रंथात तेव्हा सामान्य उपासक-उपासिका कसे पुढे आले ते सांगितले आहे. त्यांनी वर्गणीची मंडळे काढली, परीक्षा घेतल्या, मासिके चालवली. पॅगोडात बूट घालून शिरणाऱ्या गोऱ्यांविरुद्धचे आंदोलनही याच काळातले. साधी जोड्यांची गोष्ट, पण सरकारला अखेर १९१९ साली निर्णय विहारप्रमुखांवर सोडावा लागला. एरिक ब्रॉन यांचे 'द बर्थ ऑफ इन्साइट' (२०१३) हे भदंत लेडी सयाडो यांच्याविषयी आहे. गृहस्थांनीही अभिधम्म शिकावा, विपश्यना करावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि देश पारतंत्र्यात गेल्यामुळे त्याला निकड आली होती. त्यांच्या परंपरेत पुढे शेतकरी असलेले सया तैजी, सरकारी हिशेबखात्यातील ऊ बा खिन आणि मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका आले. गोयंका गुरुजी १९६९ मध्ये भारतात परतले. इगतपुरीच्या टेकडीवर जे मौन आपण पाळतो त्याच्या मागे एका पराभूत देशाची तळमळ आहे, हे या पुस्तकाआधी माझ्या ध्यानात आले नव्हते.

येथे थांबणे सोपे होते, पण ते प्रामाणिक झाले नसते. स्वतंत्र ब्रह्मदेशाविषयी थांट म्यिंट-ऊ यांची दोन पुस्तके वाचावीत. 'द रिव्हर ऑफ लॉस्ट फुटस्टेप्स' (२००६) मध्ये घराण्याच्या आठवणी आणि देशाचा इतिहास एकत्र गुंफला आहे. ज्याला एकच पुस्तक वाचायचे आहे त्याने हेच घ्यावे. 'द हिडन हिस्टरी ऑफ बर्मा' (२०१९) अलीकडच्या काळाचे आहे. पास्कल खू थ्वे यांचे 'फ्रॉम द लँड ऑफ ग्रीन घोस्ट्स' (२००२) हे डोंगराळ भागातील पडाउंग जमातीच्या एका कॅथलिक मुलाचे आत्मचरित्र आहे. बहुसंख्याकांच्या सोनेरी पॅगोडापासून दूर असलेला ब्रह्मदेश त्यात भेटतो. आणि फ्रान्सिस वेड यांचे 'म्यानमार्स एनिमी विदिन' (२०१७) हे रोहिंग्या मुसलमानांवरील अत्याचारांविषयी. २०१७ साली सात लाखांहून अधिक माणसे घरेदारे सोडून बांगलादेशात पळाली. त्यांच्याविरुद्ध लोकांना भडकवणाऱ्यांत चीवर धारण केलेले काही भिक्खू होते. २००७ साली लष्करशाहीविरुद्ध अनवाणी रस्त्यावर उतरलेलाही हाच भिक्खुसंघ.

वेड यांचे पुस्तक ग्रंथालयात ठेवावे की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. मुलांच्या मनात धम्माविषयी शंका येईल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. मी ठेवण्याच्या बाजूचा होतो. ज्या बाबासाहेबांनी धर्मग्रंथालाही प्रश्न विचारायला शिकवले, त्यांच्या नावाने चाललेल्या वाचनालयात आपल्या सोयीचीच पुस्तके असावीत, हे मला पटेना. शिवाय या अत्याचाराची एक मुळी वसाहतीच्या जमिनीतच आहे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने मूळ रहिवासी ठरवताना १८२३ हे वर्ष धरले, म्हणजे पहिल्या इंग्रज युद्धाच्या आधीचे वर्ष. इंग्रजांसोबत आलेला तो परका, हा हिशेब दीडशे वर्षांनी गरिबांच्या माथी मारला गेला. कायद्याला शासक जबाबदार आहेत आणि चिथावणीला ती देणारे; गेलेल्या इंग्रजावर सगळे ढकलता येत नाही.

यांतील बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, ही अडचण मला ठाऊक आहे. यावर आम्ही एक उपाय करतो. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, रात्रीच्या जेवणानंतर, वसतिगृहाच्या सभागृहात मोठ्या वर्गातील एक विद्यार्थी एखादे प्रकरण मराठीत सांगतो. पालकांना यायला मोकळीक आहे. आजवर 'चाउंग'ची शाळा, जोड्यांचे आंदोलन आणि ऑर्वेलचा हत्ती एवढे झाले आहे. पुढच्या वेळी वे वे आणि ऊ सॉ हान यांची गोष्ट आहे. त्या कादंबरीची ग्रंथालयात एकच प्रत आहे, तिची शिवण सुटली आहे आणि सध्या ती दहावीच्या एका मुलीकडे आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी नाव नोंदवून ठेवावे.